उजवीकडचं खालचं तावदान

बोईसरात चेहरा दुरुस्त करून मिळायचा तो एकाच ठिकाणी. स्टेशनातून तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मोठ्या चिंचेसमोर, ‘नरहरी फोटो स्टुडिओ’त. देवीचे व्रण, हनुवटीवरचा मस, नवरीच्या कपाळावर ऐन लग्नात उठलेली पुटकुळी, सगळं तिथं जायचं. घालवणारी होती नरहरीची बायको जयवंती. माहीमच्या पानमळ्यातली मुलगी, चौथीपर्यंत शिकलेली. पण हात असा की वेलीवरून विड्याचं पान खुडावं तसा डाग खुडायची, वेलीला कळू न देता.

हे काम निगेटिव्हवर चालतं, आणि निगेटिव्हचं राज्य उलटं. तिथं गोरा तो काळा आणि काळा तो गोरा. फोटोत काळा डाग नको असेल तर निगेटिव्हवर तेवढ्या जागी टोकदार पेन्सिल फिरवायची. पांढरा डाग नको असेल तर मात्र पेन्सिलीचं काही चालत नाही. बारीक पात्यानं निगेटिव्हवरचा थर खरवडावा लागतो. लग्नानंतर नरहरीनं तिला हे शिकवलं तेव्हा पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “पेन्सिल चुकली तर पुसता येते. पातं चुकलं तर देवसुद्धा परत आणून देत नाही.”

“देवाला कशाला बोलावता? माझा हात हाय की,” जयवंती म्हणाली होती.

पुढं पंधरा वर्षांत सगळी पंचक्रोशी तिच्या हाताखालून गेली. गेला नव्हता तो फक्त तिचा स्वतःचा चेहरा. तिचा एकही फोटो नव्हता. लग्नात काढायचा तर काढणारा नवराच, आणि तो बोहल्यावर. नंतर कधी विषय निघाला की नरहरी म्हणायचा, “काढू की. घरचं माणूस कुठं पळून चाललंय?”

घरचं माणूस नाही पळालं. काढणाराच गेला. तोही कुठं, तर प्रागला.

त्याचं झालं असं. एकदा केमिकल आणायला मुंबईला गेलेला नरहरी फुटपाथवरून जुन्या मासिकांचा गठ्ठा घेऊन आला. चेकोस्लोव्हाकियातली फोटोग्राफीची मासिकं. त्यातलं एक अक्षर त्याला वाचता येत नव्हतं, पण एका पानापाशी तो असा अडकला की पुढ्यातली भाकरी वाळली. पानावर एक खिडकी होती. काचेवर वाफ धरलेली, बाहेर एक वाकडं झाड, आत चौकटीवर पाण्याचा पेला. बस्स.

“कोनाचा फोटू हाय ह्यो?” त्याच्या आईनं, गोदूबाईनं विचारलं.

“कोणाचा नाय, आये. खिडकीचा.”

“कशाला? खिडकीचं लगीन ठरलंय काय?”

जयवंतीला हसू आवरेना. नरहरी हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं हातोडा आणला, स्टुडिओची उत्तरेकडची भिंत फोडली आणि तिथं चार तावदानांची खिडकी बसवली. वर छपरात काचेची कौलं आधीच होती, त्यांच्या उजेडात गिऱ्हाईक बसायचं. आता बाजूनंही उजेड आला. गोदूबाई म्हणाली, “चोराला वाट केलीस.”

चोर काही आला नाही. पण घरातलाच माणूस त्या वाटेनं हळूहळू बाहेर जायला लागला. काम संपलं की स्टूल ओढून तिथं बसायचा, फुलपात्रातला चहा निवेपर्यंत. मग त्यानं त्या मासिकाला आपले फोटो पाठवले. मग मुंबईच्या वकिलातीत चकरा मारल्या. मग एक दिवस शिष्यवृत्तीचं पत्र आलं. एक वर्ष भाषा, दोन वर्षं फोटोग्राफी. पासष्टच्या दिवाळीआधी तो निघाला. स्टेशनावर जयवंतीला म्हणाला, “तीन वर्षं. अडुसष्टच्या आषाढात मी घरी. लाकडी कॅमेरा ठेवून चाललोय, त्याला उन्हं दाखवत जा.”

“आणि मला?” असं तिच्या ओठावर आलं होतं. पण सासू शेजारी, गाडी सुटलेली. राहिलं.

तो गेला आणि बोईसरचं नशीब फिरलं. तारापूरला अणुशक्तीचं बांधकाम जोरात सुरू झालं. जालना, नगर, खानदेश, कुठून कुठून माणसं आली, सालवडला नि सरावलीला खोल्या करून राहिली. त्या प्रत्येकाला गेटपास पाहिजे आणि पासावर फोटो. नरहरी इतकी वर्षं एकेका गिऱ्हाइकाची वाट बघत होता. तो गेला आणि गिऱ्हाइकांची रांग लागली. जयवंतीनं पदर खोचला, काळ्या कापडाखाली डोकं घातलं आणि भिंगाची टोपी काढून मोजायला शिकली. त्या जुन्या कॅमेऱ्याला खटका नव्हता. टोपी काढायची, एक दोन तीन म्हणायचं, टोपी लावायची.

सुरुवातीला एक फजिती झाली. जालन्याकडचा शिवाजी नावाचा गवंडी फोटो घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी तणतणत परत आला.

“बाई, काय केलं हे? गेटवरचा मला आतच सोडीना. म्हणतो, ‘ये तेरा फोटो नहीं.’ माझ्या तोंडावरचे देवीचे वण कुठं गेले?”

“काढले की. चांगला दिसतोस.”

“चांगला दिसून काय करू? दोन खाडे झाले. माझे वण मला परत द्या!”

तिनं नवा फोटो काढून दिला, आणि तेव्हापासून पासाच्या फोटोला पेन्सिल लावणं सोडलं. पण ते पासापुरतंच. बाकी हाताची खोड हातालाच माहीत.

नरहरीची पत्रं महिन्याला एक यायची. वर ‘सौ. जयवंतीस अनेक आशीर्वाद’, खाली ‘आईस नमस्कार’, आणि मधली तिन्ही पानं फोटोग्राफीची. जयवंती ती मोठ्यानं वाचायची, गोदूबाई बाजेवर बसून ऐकायची.

“इथले साठ वर्षांपूर्वीचे लोक तुझ्या जातीचे होते,” त्यानं एकदा लिहिलं. “फोटो काढून थांबायचे नाहीत. कागदावर तेलाची शाई ब्रशानं ठोकून ठोकून त्याचं चित्र करायचे. धुकं, नदी, पूल. का, तर लोकांनी त्याला कला म्हणावं म्हणून. मग पहिल्या महायुद्धानंतर तरणी पोरं आली. म्हणाली, ब्रश ठेवा बाजूला. भिंगाला जे जमतं ते ब्रशाला जमत नाही, तेच करा. त्यांनी अंडं, विजेचा दिवा, जिन्याची सावली असलं काढलं. तिरपं आणि धारदार.”

“अंडं?” गोदूबाईनं थांबवलं. “उकडलेलं का कच्चं?”

“ते लिवलं नाय, आये.”

“तीन वर्सं शिकून ह्ये.”

पुढच्या पत्रात पुढची गोष्ट. मग काहींनी दुकानांच्या काचेतल्या बाहुल्या टिपल्या, भिंतीवरचे फाटके कागद टिपले, स्वप्नात दिसावेत तसे. मग जर्मन आले आणि रस्त्यावर कॅमेरा बाहेर काढायची चोरी झाली. तेव्हा कुणी घरात बसून आपल्याच खिडकीचे फोटो काढत राहिलं, वर्षानुवर्षं, रोज वेगळा उजेड. “आपली मासिकातली खिडकी त्यातली,” नरहरीनं लिहिलं होतं. लढाईनंतर सरकारला फक्त हसणारे कामगार पाहिजे झाले. “आता ते सैल झालंय. खेड्यातल्या म्हाताऱ्या, जत्रा, नाटकातली माणसं, पाहिजे ते काढतात, मोठ्या दालनात भिंतीला लावतात. लोक येऊन फोटोसमोर उभे राहतात.”

हे शेवटचं वाक्य जयवंतीनं दोनदा वाचलं. बोईसरात लोक कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे. फोटोसमोर उभं राहायचं म्हणजे आपलं नाक वाकडं आलंय का बघायला, एवढंच तिला माहीत होतं.

प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ ठरलेली. “तूही एक काढ. गिऱ्हाइकाचा नको, तुझ्या मनाचा. आणि पाठव.” ती मनात म्हणायची, माझ्या मनाचा काढायला माझं मन बसलंय कुठं स्टुलावर? ते तिकडं, बर्फात. मग पत्राची घडी करून रिटचिंगच्या पेटीत ठेवायची, जिथं डाग काढायची पाती नि पेन्सिली असायच्या.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात वेगळं पत्र आलं. इथं सध्या फार मोकळं वारं सुटलंय, रोज नवं काही बघायला मिळतंय, आणखी एक वर्ष राहावं म्हणतो, तुझी हरकत नसेल तर. हरकत विचारणारं पत्र यायला तीन आठवडे, हरकत पोचायला तीन. तोवर अर्ज भरून झालेला असणार, हे कळायला चौथीसुद्धा पास व्हायला नको.

“काय म्हनतो?” गोदूबाईनं विचारलं.

“एक वर्स आनखी.”

म्हातारीनं खिडकीकडं पाहिलं. मग म्हणाली, “मी म्हनलं व्हतं, त्या भिताडाला भोक नको.”

जयवंतीनं निळं विमानपत्र घेतलं आणि त्यावर ‘या’ एवढं एकच अक्षर लिहिलं. उरलेला एवढा मोठा निळा कागद बघून तिला लाज वाटली. तिनं तो चुरगळला नाही, कागद चांगला होता. घडी करून तांदळाच्या डब्यात टाकला.

आषाढ आला. पाऊस उघडलेल्या एका दुपारी तिनं दुकानाचं दार ओढून घेतलं. नरहरीचं स्टूल खिडकीशी ठेवलं. त्याचं फुलपात्र पाण्यानं भरून चौकटीवर ठेवलं. त्या मासिकातल्यासारखं काही करावं असं तिच्या मनात नव्हतं. जे रोज दिसत होतं ते त्याला दाखवावं, एवढंच. बघ, तुझं स्टूल. बघ, तुझी खिडकी. वरच्या तावदानांतून स्टेशनाकडून येणारा रस्ता दिसतोय, त्यावर तू नाहीस. उजवीकडच्या खालच्या तावदानामागं चिंचेचं ओलं खोड, काळंशार. एवढं सगळं पाहिल्यावर माणूस कशाला एक वर्ष आणखी राहील?

तिनं कॅमेरा लावला, काळ्या कापडाखालून नीट बघितलं, कोरी फिल्म आत सरकवली, भिंगाची टोपी काढली आणि बाजूला उभी राहून मोजायला लागली. मोजताना डोळे रस्त्यावर. एक, दोन. स्टेशनाकडून कुणी आलं नाही. सात, आठ. कुणी नाही. दहा. टोपी लावली.

निगेटिव्ह फार देखणं आलं. पाण्यावर उजेड पडलेला, स्टुलाच्या फळीवरची चीर न् चीर. फक्त उजवीकडच्या खालच्या तावदानात एक काळपट डाग होता, अंगठ्याच्या नखाएवढा. म्हणजे फोटोत तिथं पांढुरकं काहीतरी येणार. काचेतला फुगा असेल नाहीतर धुताना बसलेला ठिपका, असं म्हणून तिनं पातं घेतलं आणि खरवडायला बसली. नवऱ्याकडं जायचा फोटो, डाग ठेवून कसा पाठवायचा? इतकं सफाईदार काम तिनं कुठल्या नवरीच्या चेहऱ्यावरही केलं नव्हतं. मग फोटो छापला, मागं एक शब्दही न लिहिता पाकिटात घातला आणि टाकला.

महिना गेला. मग एका दुपारी समोरच्या चहावाल्याच्या रेडिओवर बातमी लागली. प्रागमध्ये रशियाचे रणगाडे शिरले. गिऱ्हाइकं कपबशा धरून तशीच उभी राहिली. रशिया आणि प्राग कुणाला ठाऊक नव्हतं, पण नरहरीला सगळे ओळखत होते.

“रनगाडा म्हंजी?” गोदूबाईनं विचारलं.

“मोठी गाडी असती, आये.”

“मग त्या गाडीतनं येतो काय घरला?”

जयवंतीलाही याहून जास्त माहीत नव्हतं. टपाल बंद झालं. पोस्टमन धर्माजी आधी लांबूनच ओरडत यायचा, “वैनी, सायबाचं टपाल!” आता चिंचेपाशी आला की मान खाली घालायचा आणि खिडकीसमोरून भराभरा निघून जायचा. तिनं विचारू नये म्हणून. आणि तिनं कधी विचारलंही नाही. श्रावण गेला, गणपती गेले, दिवाळीत तिनं एकच पणती लावली, ती खिडकीत.

कार्तिक संपता संपता धर्माजी थांबला. हातात पाकीट. शिक्क्यांनी काळंनिळं झालेलं, कुठं कुठं हिंडून आलेलं. आतल्या पत्रावर तारीख सतरा ऑगस्टची. म्हणजे रणगाडे यायच्या चार दिवस आधीची.

“सौ. जयवंतीस. तुझा फोटो मिळाला. तीन दिवस भिंतीला लावून त्याच्यासमोर बसलोय. मला इथं कुणी तीन वर्षांत जे शिकवलं नाही ते त्यात आहे. पण उजवीकडच्या खालच्या तावदानात तू पातं चालवलंयस. दुसऱ्या कुणाला कळणार नाही. मला कळतं, तो हात मी घडवला. बाकी सगळीकडं उजेड आहे, तिथं नुसती सफाई आहे. काय होतं तिथं? जे होतं ते मला पाहिजे. न खरवडता पाठव. ते बघतो आणि मग येण्याचं लिहितो.”

जयवंतीनं फोटोची आपल्याकडची प्रत काढली, भिंग लावून बघितली. तावदान स्वच्छ. काय होतं तिथं? तिला आठवेना. फरशीवर कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या खुणा होत्या. ती उठून त्या खुणांशी, त्या दिवशी उभी होती तिथं जाऊन उभी राहिली आणि तिनं खिडकीकडं बघितलं.

उजवीकडच्या खालच्या तावदानात, चिंचेच्या काळ्या खोडावर, एक बाई उभी होती. वरच्या कौलांतून उजेड तिच्या कपाळावर पडला होता. ती रस्त्याकडं बघत होती.

जयवंती आधी हसली. पोटातून हसू आलं. पंधरा वर्षं जगाचे डाग ओळखले आणि हा ओळखला नाही! मग हसता हसता ती त्या स्टुलावर बसली.

“काय झालं गो?” गोदूबाई बाजेवरून म्हणाली.

“आये, मी मलाच खरवडलं.”

“दुकलं काय?”

“तवा नाय दुकलं.”

पातं चुकलं तर देवसुद्धा परत आणून देत नाही. पण खिडकी होती, चिंच होती, आणि ती होती. दुसऱ्या दिवशी सकाळचं काम उरकून तिनं पुन्हा दार ओढलं. स्टूल, फुलपात्र, पाणी. या वेळी भिंगाचं तोंड होईल तेवढं बारीक करून ठेवलं, इतकं की उजेडाला आत शिरायला पुरतं एक मिनिट लागावं. तिला तेवढा वेळ उभं राहायचं होतं. दहा आकड्यांत तीन वर्षं कशी बसणार?

“आये, आता हलू नको. बोलू पन नको.”

“माजा फोटू काडतेस?”

“नाय. पन हलू नको.”

तिनं टोपी काढली. एक. दोन. रस्त्यावरून सालवडकडचे कामगार सायकलींवर गेले. एक बैलगाडी गेली. वीस. एकवीस. चाळीसच्या सुमाराला धर्माजी पिशवी घेऊन आला, मान खाली, आणि खिडकीसमोरून भराभरा निघून गेला. तिचे डोळे त्याच्या मागं गेले नाहीत. ती स्टेशनाच्या बाजूलाच बघत राहिली. साठ झाले. तिनं टोपी लावली तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या.

निगेटिव्ह वाळलं आणि ती पेटीशी बसली. तावदानात काळपट डाग होता, आधीपेक्षा ठळक. हात आपोआप पात्याकडं गेला. हाताला कोण सांगणार? तिनं पातं उचललं, बघितलं आणि पत्रांच्या गठ्ठ्याखाली सरकवून दिलं.

फोटो गोदूबाईनं डोळ्यांना लावून बघितला. मोतीबिंदूमुळं तिला सगळं वाफेतून दिसायचं.

“काचंत कोन बाय हाय ही?”

“वळख.”

“डोळं तुजं हायत,” म्हातारी म्हणाली. “पन ही तर पिकायला आली.” मग तिनं फोटोवरून अंगठा फिरवला, आणि जयवंतीला न बघता म्हणाली, “आसू दे. त्याला दिसू दे.”

जयवंतीनं पाकिटात फोटो घातला. मग काहीतरी आठवून तांदळाच्या डब्यातलं निळं विमानपत्र काढलं, झटकलं आणि तेही आत सरकवलं. दुपारी धर्माजीला खिडकीतून हाक मारली. तो बिचकतच आत आला.

“प्रागला टपाल जातं का रे आता?”

“जातं म्हंतात, वैनी. येतं का त्ये नाय म्हाईत.” पाकीट अजून उघडंच होतं. त्यानं फोटो ओढून बघितला, लांब धरून, जवळ धरून. “ह्या तुमी. पन मी कुटं हाय? तुमी टोपी काडून हुब्या व्हतात तवा मी समोरनंच गेलो. सायकली गेल्या, गाडी गेली. रस्त्यावर तर कोनीच नाय.”

“मिनिटभर उघडं ठेवलं व्हतं, धर्माजी. जो हलतो तो ह्यात येत नाय. थांबला असतास तर आला असतास.”

धर्माजीनं फोटो आत सारला, जिभेनं पाकिटाची कड ओली करून दाबली आणि ते पिशवीत न टाकता सदऱ्याच्या खिशात ठेवलं, छातीशी.

“थांबलो असतो वैनी,” तो म्हणाला. “पन तुमचं टपाल नव्हतं.”